मदत हवी आहे: वीज जाताना पोस्टग्रेस डेटाबेस नीट बंद कसा करू?

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळ आमची छोटी पतपेढी आहे, हिशेब पोस्टग्रेसवर. पावसाळ्यात वीज गेली की यूपीएस जेमतेम 15 मिनिटं टिकतो. 'स्मार्ट' पद्धतीनं बंद करावं तर काउंटरवरचे प्रोग्राम उघडेच, आणि सगळे बाहेर पडेपर्यंत तो नुसता थांबून राहतो. परवा सहकाऱ्यानं घाबरून 'इमिजिएट', म्हणजे तडकाफडकी बंद करायची पद्धत, दिली. पुन्हा सुरू करताना रिकव्हरी (लॉगवरून नोंदी सावरणं) चालली, नोंदी शाबूत निघाल्या, पण तोवर माझा जीव टांगणीला! लोकांच्या घामाचे पैसे आहेत हो. 'फास्ट' अपुरे व्यवहार मागे फिरवून बंद होतो, म्हणून तोच बरा वाटतो. त्याआधी हातानं चेकपॉइंट दिला (मेमरीतले बदल डिस्कवर लिहायला लावले) तर बंद व्हायला कमी वेळ लागेल का? आणि यूपीएसच्या इशाऱ्यावर हे आपोआप कसं घडवायचं? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.