प्रतिसाद: पहिल्या मियाटाचं १.६ इंजिन

मियाटा म्हणजे माझदाची दोन आसनी स्पोर्ट्स कार. वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की तिची १९८९ ते ९३ची सगळी १.६ लिटर इंजिनं सारखीच. थोडी दुरुस्ती. १९९१च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा) पुढचं टोक आखूड होतं, म्हणून 'शॉर्ट नोज'. ओळखायला सोपं: त्या टोकावर बसवलेल्या पट्ट्याच्या चाकाच्या, म्हणजे क्रँक पुलीच्या, मधल्या भागात ४ खाचा दिसल्या तर आखूड, ८ दिसल्या तर लांब.

आखूड टोक बिघडतं ते बहुधा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) बदलल्यानंतर. पुलीचा मधला बोल्ट नीट आवळला नाही की पुली किंचित डुलते आणि चावीची (पुली क्रँकवर घसरू न देणारा छोटा धातूचा तुकडा) खाच झिजत जाते. मग टायमिंग (ठिणगी आणि व्हॉल्व्हची वेळ) मागे सरकतं, गाडी ओढत नाही आणि लोक उगाच कार्ब्युरेटर शोधत बसतात (जो या गाडीत नाहीच!). आखूड टोकाच्या बोल्टला साधारण १०८-११८ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर). त्याहून जास्त आवळून 'पक्कं' करू नका. चावी आणि बोल्ट दर वेळी नवे. खाच थोडीच झिजली असेल तर लॉकटाइट ६६० (झिजलेली फट भरणारा धातूचा गोंद) लावून वाचते. फार झिजली तर क्रँकच बदलावा लागतो.

गाडी घेण्याआधी इंजिन चालू ठेवून पुली समोरून निरखा. डुलताना दिसली तर सौदा सोडा.