विषय: म्युझिक कॉलेजातले फुकटचे कार्यक्रम, पास लागतो का?

नमस्कार मंडळी,
पुण्याहून बडोद्याला येऊन चारच महिने झालेत. युनिव्हर्सिटीत गाण्या-नाचाचे कार्यक्रम फुकट असतात, असं शेजारच्या बेन म्हणाल्या. बाहेरच्यांना आत सोडतात का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, खुर्ची मिळते का?
– मांजलपूरची नवी सभासद

ताई,
आधी एक सांगतो. रिक्षावाल्याला युनिव्हर्सिटी म्हणू नका, तो फतेगंजला नेऊन सोडेल. ‘सुरसागर, म्युझिक कॉलेज’ म्हणा, तलावाशेजारीच आहे ते. आमचे आजोबा या कॉलेजाला गायनशाळाच म्हणत. 1886 साली सयाजीरावांनी ती गायक मौलाबक्षांच्या हाती दिली. युनिव्हर्सिटी आली 1949 मध्ये, म्हणजे 63 वर्षांनी.

विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांना मी इतकी वर्षं जातोय, पास कुणी मागितला नाही. पण जाहिरातही कुणी करत नाही. फाटकाजवळच्या बोर्डावर चिकटपट्टीनं लावलेला कागद वाचावा लागतो. खुर्ची हवी असेल तर वीस मिनिटं आधी पोचा.

भरतनाट्यम असेल तर चुकवू नका. ते बडोद्यात आलं ते लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. 1880 साली सयाजीरावांचा तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी आल्या. म्हणजे तंजावरच्या मराठ्यांकडून बडोद्याच्या मराठ्यांकडे आलेला आहेरच हा! पुढे त्यांच्यापैकीच एकीचे चिरंजीव, कुबेरनाथ तंजोरकर, युनिव्हर्सिटीत नृत्य शिकवत.

वर्ष संपत आलं की युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरतं. आपले इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथं शिकवत, तेवढ्यासाठी तरी जाच. पोरं आपापल्या कामाशेजारी उभी असतात. ‘हे काय आहे?’ विचारलं की बिचारी हिरमुसतात. ‘हे कशानं केलंस?’ विचारा, अर्धा तास सोडणार नाहीत.
– दांडिया बाजारातले काका

काका,
जाण्याचं मनावर घेणारे किती, तेही लिहा की. मागच्या वेळी यादीवर ‘येतो’ म्हणणारे अकरा होते. सुरसागरापाशी उभे राहिलो आम्ही तिघं, त्यातला एक माझा नवरा. फुकट म्हटलं की आपली माणसं ‘बघू’ म्हणतात. मंडळाच्या नाटकाला शंभर रुपये लावले की तीच माणसं अर्धा तास आधी येऊन पुढची रांग रुमालानं अडवतात. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला आपण दहा रुपयांचं तिकीट छापून वाटावं काय?
– चिटणीस

चिटणीस काकू,
तिकीट छापूच नका, सासूबाई फुकटातच तयार आहेत. बोर्ड वाचायला उद्या मीच जाते, कागदाचा फोटो इथं टाकते. सासूबाईंची अट एकच आहे: परतताना इथला ओला चिवडा, लीलो चेवडो.
– मांजलपूर