लार्चचा पिवळा रंग फोटोत सपाट का येतो?

रानवाट
ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत जातेय, कोर्तिनाजवळच्या लागो फेडेरा तळ्यावर. ओढ आहे ती तिथल्या लार्चची, म्हणजे शरदात सुया पिवळ्या होऊन गळणाऱ्या सूचिपर्णी झाडांची. याआधी कॅनडात, मोरेन लेकच्या वर असलेल्या लार्च व्हॅलीत, सप्टेंबरअखेर ही झाडं पाहिली आहेत. तिथे उभं राहिल्यावर फांदी न् फांदी आतून पेटल्यासारखी वाटत होती. स्क्रीनवर पाहिलं तर पिवळे पुंजके. सुया सुट्या दिसत नाहीत, खोली नाही. सॅच्युरेशन वाढवलं की आणखीच बिघडतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी आहे, १६-३५ (रुंद दृश्याची) आणि ७०-२०० मिलिमीटर (दूरचं जवळ आणणारी) लेन्स आहेत, सीपीएल म्हणजे चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टरही आहे. फिल्टर कधी लावू, एक्सपोजर कसं ठेवू, आणि तळ्याकाठी सकाळ बरी की दुपार?

सूचिपर्ण
रानवाट, लार्च हा माझा जीव की प्राण, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी सपाट डागाचं बघू. पिवळा म्हणजे सेन्सरच्या हिशोबात भरपूर लाल, भरपूर हिरवा आणि जवळजवळ नसलेला निळा. भर उन्हातल्या लार्चवर लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाची नोंद, सगळ्यात आधी फुटतो: कमाल मर्यादेला टेकून तपशील गमावतो. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तेव्हाही शहाण्यासारखा मधोमध असतो, कारण त्यात वजन हिरव्याला जास्त. म्हणून तीन रंगांचा आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्सपोजर खाली आणा. बहुतेक वेळा अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) पुरतो. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. नंतर सॅच्युरेशन वाढवलं की निळा शून्यावर जातो, लाल माथ्यावर चिकटतो, आणि सुयांमधला बारीक फरक दाखवायला चॅनेलच उरत नाही. मी तर पिवळ्याचं सॅच्युरेशन किंचित कमी करून आजूबाजूचं गडद करतो. रंग तेवढ्यानेच वर येतो.

पण खरी गोष्ट प्रकाशाच्या दिशेची आहे. लार्चच्या सुया मऊ, बारीक आणि विरळ असतात, पाइनसारख्या जाड मेणचट नसतात. पानगळीआधी झाड त्यातलं नायट्रोजन परत ओढून घेतं, हरितद्रव्य मोडतं आणि मागे कॅरोटिनॉइड उरतात. लाल रंगद्रव्य तयार होत नाही, म्हणून सगळं झाड सोनेरीच. अशा सुईतून ऊन आरपार जातं. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर झाडावर आपटून परतलेला प्रकाश मिळतो, आणि त्यालाच तुम्ही सपाट म्हणताय. सूर्य झाडामागे किंवा तिरपा समोर घ्या, आणि त्या झाडामागे काहीतरी काळोखं हवं: सावलीतला कडा, दरी, नाहीतर अरोला पाइन. आल्प्समध्ये हा गर्द हिरवा पाइन लार्चच्या खांद्याला खांदा लावून वाढतो, त्याचा उपयोग करून घ्या. मोकळ्या आकाशावर लार्च धरलात तर निम्मी मजा गेली.

तुमच्या तळ्याबद्दल: क्रोदा दा लागोचा कडा तळ्याच्या पश्चिमेला आहे. सकाळी ऊन थेट कड्यावर पडतं, वारा पडलेला असला तर पाण्यात प्रतिबिंब मिळतं. १६-३५ तेव्हा वापरा. दुपारनंतर सूर्य कड्याकडे कलला की कड्याची तुमच्याकडची बाजू काळवंडते, पण काठावरच्या लार्चना मागून ऊन मिळत राहतं. ७०-२०० साठी माझ्या मते तीच वेळ. मात्र ती फार टिकत नाही. सूर्य कड्याआड गेला की तळं सावलीत, मग संध्याकाळच्या भरवशावर बसून उपयोग नाही.

सीपीएल: सूर्य बाजूला असेल तेव्हा लावा, ओल्या सुयांवरची आणि पाण्यावरची चकाकी कापतो. सूर्य समोर असताना त्याचा फायदा नगण्य आणि वर प्रकाश खातो, काढून ठेवा. १६ मिलिमीटरला निळ्या आकाशात तो एकीकडे गडद पट्टा पाडतो, तिथेही नको.

हिमरेषा
वरचं सगळं पटलं. व्हाइट बॅलन्सची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगांच्या तोलाची भर घालते. ऑटोवर कॅमेऱ्याला एवढा पिवळा खटकतो, तो फ्रेम थंड (निळसर) करतो आणि लार्च हिरवट होतं. ५२००-५५०० केल्विनच्या आसपास कायम करून टाका.

तारखेबद्दल: उत्तर अमेरिकेतल्या रॉकीज पर्वतातलं सबअल्पाइन लार्च सप्टेंबरच्या उत्तरार्धात रंगतं, अमेरिकेच्या माँटाना राज्यातलं वेस्टर्न लार्च ऑक्टोबरच्या मध्याला, आणि आल्प्समध्ये मध्य ते अखेरचा ऑक्टोबर. उंचीवरची झाडं आधी पिवळी होतात. लागो फेडेरा साधारण २००० मीटरवर आहे, तिथे रंग उतरला असेल तर खाली दरीत उतरा, तिथली झाडं मागे असतात. जोराच्या वाऱ्याने किंवा बर्फाने सुया लवकर गळतात, तेव्हा पहिल्याच स्वच्छ दिवशी वर जा.

रानवाट
दोघांचे मनापासून आभार! दुपारच्या कड्याचा विचार मी केलाच नव्हता, आता परतीची वेळ बदलते. ढगाळ दिवस निघाला तर? आणि वाऱ्यात शटर किती?

सूचिपर्ण
ढगाळ दिवस मला आवडतो. मागून ऊन नाही, पण पाऊस पडून गेला असेल तर खोडं काळी होतात आणि पिवळा आपोआप उठतो. आकाश फ्रेमबाहेर ठेवा आणि ७०-२०० ने समोरच्या उतारावरचे थर शोधा: पिवळं लार्च, गर्द पाइन, राखाडी दगड. धुकं आलं तर सोडू नका. सीपीएल ढगाळ दिवशीही लावा, ओल्या सुयांवर फरक दिसतो.

शटर: सुया झुळकीलाही हलतात. जवळच्या फांदीला १/२५० सेकंदाहून हळू जाऊ नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल, आजच्या बॉडीला तो जड नाही. दूरच्या उताराला ट्रायपॉडवर १/३० सुद्धा पुरतं.