मदत हवी आहे: सॅटर्नची जुनी आर्केड स्टिक अ‍ॅडॉप्टरवर लावली की बटण दाबताच खेळाडू उडी मारतो

मंडळी, नमस्कार.

तीन आठवडे झाले, गुंता सुटत नाहीये, म्हणून धागा काढतोय. जुन्या कन्सोलच्या स्टिक नव्या यंत्रांना जोडण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया वेळ काढून वाचावं. मजकूर लांबलाय, पण माहिती अर्धवट दिली की पहिले दहा प्रतिसाद "कोणती स्टिक? कोणता अ‍ॅडॉप्टर?" यातच जातात.

माझ्याकडे सेगा सॅटर्न या जुन्या गेम कन्सोलच्या पोर्टची आर्केड स्टिक (दांडा आणि मोठी बटणं असलेला कंट्रोलर) आहे. सेगाची स्वतःची नाही, दुसऱ्या एका कंपनीची. तळाला जाड पत्रा, डावीकडे दांडा, उजवीकडे दोन ओळींत सहा बटणं: वर एक्स, वाय, झेड आणि खाली ए, बी, सी. एल आणि आर त्यांच्या पलीकडे. वरच्या कडेला ऑटोफायरच्या, म्हणजे बटण धरून ठेवलं की ते आपोआप पुन्हापुन्हा दाबलं जाण्याच्या, बारीक सरकपट्ट्या. ही स्टिक माझ्या दादाची. ए बटणावरचं अक्षर त्याच्याच अंगठ्याने पुसलं गेलंय, कारण तो बटणं बोटांनी नाही, अंगठ्याने दाबायचा. पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर येतोय आणि त्याच्या हातात हीच स्टिक द्यायची आहे. त्यामुळे "नवीन घेऊन टाका" हा सल्ला मला उपयोगाचा नाही. आणि तिची केबल कापायची नाही, हेही पक्कं.

जोडणी अशी: स्टिक, तिला दोन मीटरची एक्स्टेंशन केबल, मग सॅटर्नवरून यूएसबी करणारा तयार अ‍ॅडॉप्टर, मग पीसी. अ‍ॅडॉप्टरचं नाव लिहीत नाही, कदाचित दोष माझ्या जोडणीचाच असेल.

त्रास असा आहे. लढतीच्या खेळात मधली लाथ बी बटणावर ठेवलीय. आठ-दहा वेळा दाबलं की एकदा तरी खेळाडू लाथेऐवजी उडी मारतो. दांड्याला हातही लावलेला नसतो. आधी वाटलं माझीच बोटं चुकतायत. मग विंडोजमधली गेम कंट्रोलर तपासायची खिडकी उघडली, दांडा मोकळा सोडला आणि नुसतं बी दाबत बसलो. दिशेचा बाण मधूनच वरच्या बाजूला लुकलुकतो आणि लगेच मध्यावर येतो. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ, पण खेळाला तेवढा पुरतो.

आतापर्यंत केलेले उपाय: यूएसबीचं पोर्ट बदललं, दुसऱ्या पीसीवर लावून पाहिलं, प्लगच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, ऑटोफायरच्या सगळ्या पट्ट्या बंद केल्या, तळ उघडून दांड्याचे चारही मायक्रोस्विच मल्टिमीटरने तपासले. चारही व्यवस्थित बीप देतात, कुठलाही अडकत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हीच स्टिक खऱ्या सॅटर्नवर तासभर चालवली, एकदाही आगाऊ उडी नाही.

आणखी दोन प्रश्न आहेत. हाच अ‍ॅडॉप्टर पुढे दुसऱ्या एका कन्व्हर्टरला जोडून पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर वापरता येईल का? मित्राकडे असा दुहेरी जोड चालतो, पण आठ मिनिटांनी स्टिकचा जोड आपोआप तुटतो म्हणे. आणि शेवटी काहीच जमलं नाही तर आतला मूळ बोर्ड बाजूला ठेवून स्विचवरून थेट वायरी काढाव्यात का? मनाला पटत नाही, पण विचारून ठेवतो.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

तळ उघडून स्विच तपासलेत आणि मूळ कन्सोलवर चालवून पाहिलीत, त्यामुळे निम्मं काम झालंय. स्टिक बिघडलेली नाही. आता एक छोटी चाचणी करा. त्याच खिडकीत दांडा मोकळा ठेवून एकेक बटण पन्नास-पन्नास वेळा दाबा आणि त्या वेळी दुसरं काय उमटतं ते कागदावर लिहा. बी झालं की सी, मग ए, मग स्टार्ट. त्यानंतर एक्स, वाय, झेड. शेवटी बटणांना हात न लावता दांडा उजवीकडे ढकला आणि एल कडे लक्ष ठेवा. माझा एक अंदाज आहे, पण आत्ता सांगितला तर तुम्हाला तेच दिसायला लागेल.

धागाकर्ता

चाचणी केली. वाचून तुम्हाला काय वाटेल माहीत नाही, मी मात्र चक्रावलोय.

बी दाबलं की मधूनच "वर". सी दाबलं की मधूनच "खाली". ए दाबलं की "डावीकडे". स्टार्टवर "उजवीकडे". एक्स, वाय, झेडने दिशा अजिबात हलत नाही, पण झेडबरोबर कधीकधी बी उमटतं, वायबरोबर सी आणि एक्सबरोबर ए. म्हणजे जोरदार ठोसा मारताना मध्येच लाथ का निघायची ते आत्ता कळलं, तो दोष मी उगाच दादाच्या जुन्या सवयीला द्यायचो. आणि दांडा उजवीकडे धरला की एल खरंच लुकलुकतं. हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं?

प्रतिसाद

सॅटर्नच्या साध्या पॅडच्या वायरी मोजल्या तर उत्तर त्यातच आहे. प्लगमध्ये नऊ पिना. त्यातली एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची. माहिती आणणाऱ्या फक्त चार. पण दिशा आणि बटणं मिळून तेरा गोष्टी कळवायच्या असतात. म्हणून कन्सोल दोन निवड-वायरींवर शून्य आणि एकच्या चार जोड्या पाळीपाळीने लावतो आणि प्रत्येक जोडीला त्याच चार वायरींवरून वेगळा गट वाचतो. एका पाळीत झेड, वाय, एक्स, आर. दुसरीत बी, सी, ए, स्टार्ट. तिसरीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चौथीत चार वायरींपैकी फक्त शेवटची कामाची, तिच्यावर एल.

आता हे चार गट एकाखाली एक लिहून उभे वाचा. पहिल्या वायरीवर झेड, बी, वर. दुसरीवर वाय, सी, खाली. तिसरीवर एक्स, ए, डावीकडे. चौथीवर आर, स्टार्ट, उजवीकडे, एल. तुमची यादी हुबेहूब हीच आहे.

म्हणजे अ‍ॅडॉप्टर पाळी बदलतो आणि वायरीवरची नवी माहिती स्थिर व्हायच्या आत वाचून मोकळा होतो. आधीच्या गटाचं उत्तर अजून वायरीवर रेंगाळत असतं, ते नव्या गटाच्या नावावर जमा होतं. झेडमुळे दिशा का हलत नाही तेही यातूनच कळतं: दिशांच्या लगेच आधी बी-सी-ए चा गट वाचला जातो, झेडचा नाही. खरा सॅटर्न निवांत वाचतो, म्हणून तिथे काही होत नाही.

तुमच्या जोडणीत उशिराला दोन कारणं असू शकतात. ऑटोफायर असलेल्या स्टिकमध्ये बऱ्याचदा गट निवडून देणाऱ्या साध्या चिपऐवजी वेगळी चिप असते आणि ती उत्तर द्यायला जरा वेळ घेते. दुसरं, दोन मीटरची जादा केबल. आधी केबल काढून बघा. आणि प्लगपाशी पॉवरच्या पिनेवर मल्टिमीटर लावा. ५ च्या आसपास हवं. ३.३ दिसलं तर तिसरं कारणही मिळालं, कारण कमी व्होल्टवर अशा चिपा आणखी मंदावतात.

धागाकर्ता

केबल काढली. उडी पूर्ण गेली नाही, पण आठ-दहातून एकदाच्या ऐवजी तीस-चाळीसातून एकदा होते. पिनेवर ३.३ व्होल्ट! आता काय करू? अ‍ॅडॉप्टरचं कवच उघडलं, आतली चिप काळ्या गोळ्याखाली गाडलेली आहे, तिच्यातला प्रोग्रॅम बदलता येईल असं दिसत नाही.

प्रतिसाद

मग तो बाजूला ठेवा आणि स्वतः बनवा. काम एका संध्याकाळचं आहे. एटीमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड घ्या. तो दोन प्रकारांत येतो, ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झ आणि ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झ. तुम्हाला पहिला हवा. हा यूएसबी थेट बोलतो आणि सॅटर्नसाठी लिहिलेले खुले प्रोग्रॅम त्यावर चालतात. डेमनबाइट या नावाचा संच शोधा. त्यात निवड-वायर बदलल्यावर वाचण्याआधी थांबण्याची ओळ असते. तिथला आकडा तुमच्या स्टिकला पुरेल इतका वाढवा.

थांबण्याने खेळ मंदावेल ही भीती काढून टाका. समजा प्रत्येक पाळीला १० मायक्रोसेकंद थांबलात, तर चार पाळ्यांचे ४० झाले. यूएसबी दर १ मिलिसेकंदाला विचारतं, म्हणजे १००० मायक्रोसेकंदांनी. आणि सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात एक चित्र १६.६७ मिलिसेकंद टिकतं. ४० मायक्रोसेकंद कुणाच्याही हाताला जाणवणार नाहीत.

सॉकेटसाठी स्टिकची केबल कापू नका. ती दोन मीटरची एक्स्टेंशन कापा, तिच्या स्टिककडच्या टोकात तुमचं सॉकेट तयार आहे. हातभर वायर ठेवा, त्याहून जास्त नको. वायरींच्या रंगांवर मात्र काडीचाही विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा लाल म्हणजे दुसरीचा ग्राउंड असू शकतो. प्रत्येक पिनेपासून वायरीपर्यंत बीप घ्या आणि मगच सोल्डर लावा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलट झाले तर स्टिकमधली ती जुनी चिप जाईल आणि तशी दुसरी आज कुठे शोधणार?

प्रतिसाद

पीएस४ बद्दल मी सांगतो. तुमच्या मित्राची आठ मिनिटं अगदी बरोबर आहेत. पीएस४ जोडलेल्या कंट्रोलरकडून अधिकृत असल्याचा पुरावा मागतो. तो मिळाला नाही तर आठ मिनिटांनी जोड तोडतो. म्हणून एकतर पुराव्याची व्यवस्था आतच असलेला कन्व्हर्टर लागतो किंवा अधिकृत पॅड शेजारी यूएसबीने लावून त्याच्याकडून उत्तर घेणारा. एक्सबॉक्स ३६० आणि त्यानंतरच्या एक्सबॉक्सनाही अशी ओळख लागते, फक्त पद्धत वेगळी. पीएस३ त्या मानाने साधा, तो सर्वसाधारण यूएसबी स्टिक स्वीकारतो. तिथे बऱ्याच अ‍ॅडॉप्टरांवर मधलं पीएस बटण तेवढं चालत नाही.

दुहेरी जोडात आणखी एक मेख आहे. बरेच कन्व्हर्टर आपल्या यादीतल्या कंट्रोलरांनाच ओळखतात. घरी बनवलेला प्रो मायक्रो त्या यादीत नसतो, त्यामुळे तो पुढे जोडून बहुधा काही होणार नाही. पीएस४ हवाच असेल तर दुसरा मार्ग आरपी२०४० चिपचा, म्हणजे रास्पबेरी पाय पिको. त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं खुलं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) चालतं आणि ते शेजारच्या पॅडकडून पुरावा घेऊ शकतं. पण ते मुळात स्विच थेट जोडण्यासाठी आहे, सॅटर्नच्या पाळ्या वाचायला नव्हे. शिवाय पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या, तुमच्या स्टिकचे ५ व्होल्ट थेट लावले तर पिको जळू शकतो.

प्रतिसाद

थेट वायरींच्या प्रश्नावर माझं मत. तुमचा बोर्ड जिवंत आहे, त्याला हात लावू नका. निओ जिओ एईएस या दुसऱ्या जुन्या कन्सोलच्या स्टिकची गोष्ट वेगळी. तिच्या १५ पिनांच्या प्लगमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन आणि सगळ्यांना एकच ग्राउंड. मध्ये चिपच नाही, त्यामुळे तिला कुठल्याही कन्सोलला जोडणं सर्वांत सोपं. तुमच्याकडे पाळ्या लावणारी चिप आहे, तिला वळसा घालायचा तर प्रत्येक स्विचवरची मूळ वायर सोडवावी लागेल. बोर्ड मेला तरच तो विचार करा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काम पूर्ण झालं.

रंगांबद्दलचा इशारा मिळाला नसता तर मी नक्की फसलो असतो. माझ्या एक्स्टेंशनमध्ये काळी वायर ग्राउंड नाही, ती डेटाची निघाली. ग्राउंड तपकिरी आहे. नऊही वायरी दोनदा बीप घेऊन तपासल्या, कागदावर पिनांचं चित्र काढून शेजारी रंग लिहिले आणि तो कागद आता अ‍ॅडॉप्टरच्या डबीतच घडी करून ठेवलाय.

थांबण्याचा आकडा आधी मुद्दाम अगदी कमी ठेवून पाहिला. उडी परत आली. मग वाढवत गेलो. ६ मायक्रोसेकंदांवर बी आणि सी शांत झाले, पण झेडबरोबर बी एखाद्या वेळी दिसत होतं. ८ वर तेही गेलं. थोडी मोकळीक असावी म्हणून १२ वर ठेवलंय. त्यानंतर प्रत्येक बटण दोनशे वेळा दाबलं. बाण मध्यावरून हलला नाही.

पीएस४ चा नाद सध्या सोडतो, पीसीवरच खेळू. आता दुसऱ्या पोर्टसाठी तसंच एक सॉकेट हवंय, कारण दादाबरोबर खेळायचं तर मलाही स्टिक लागेल. माझ्याकडे मेगा ड्राइव्हची (सेगाच्या सॅटर्नआधीच्या कन्सोलची) सहा बटणांची एक आहे. तिचाही प्लग नऊ पिनांचा असला तरी आकार निराळा आणि निवड-वायर एकच. तिच्या पाळ्यांमध्ये थांबायचा आकडा कुणी प्रत्यक्ष लावून पाहिला असेल तर इथेच लिहावा, नवा धागा काढत नाही.