शब्दचर्चा : राजधानी, दुरंतो, गरीब रथ आणि ‘प्रीमियम’ गाड्या

प्रश्न : प्रवासावरच्या एका मजकुराचं मराठीकरण करतेय. राजधानी, शताब्दी, दुरंतो, गरीब रथ, तेजस, वंदे भारत या सगळ्यांना मिळून मूळात ‘प्रीमियम एसी ट्रेन’ म्हटलंय. ‘उच्च दर्जाच्या वातानुकूलित गाड्या’ चालेल का? आणि दुरंतो म्हणजे ‘लांब पल्ल्याची’ असंच ना?

प्रतिसाद : एवढ्या सगळ्यांची एक मोट बांधू नका. गरीब रथ पूर्ण वातानुकूलित आहे, पण नेहमीच्या थ्री एसीपेक्षा कमी तिकिटात एसीचा प्रवास व्हावा म्हणूनच ती २००६ साली सुरू झाली. मूळच्या डब्यांत बाजूच्या दोन बर्थच्या मधे तिसरा बर्थ बसवलेला, चादर-उशीचे पैसे वेगळे. तिला ‘उच्च दर्जाची’ म्हटलं की तिचा हेतूच पुसला जातो. उलट दुरंतोचं नाव मोठं, पण काही दुरंतो गाड्यांना बिनएसी स्लीपरचे डबेही असतात. म्हणजे ‘वातानुकूलित’ आणि ‘उच्च दर्जा’ हे दोन वेगळे निकष आहेत, ते एका विशेषणात कोंबू नयेत.

‘प्रीमियम’ हा शब्द रेल्वेत मुख्यतः भाड्याला चिकटलेला आहे. प्रीमियम तत्काळ आठवा: जागा भरत जातात तसा दर चढतो, डबा मात्र तोच. त्यामुळे तुमच्या शीर्षकात मी ‘राजधानी-शताब्दी वर्गातल्या गाड्या’ असं लिहीन. गरीब रथासाठी ‘स्वस्त वातानुकूलित गाडी’ अशी वेगळी ओळ द्यावी.

ही नावं आता विशेषनामं कमी आणि प्रकारनामं जास्त झाली आहेत. राजधानी १९६९ मध्ये हावडा–नवी दिल्ली मार्गावर धावली, शताब्दी १९८८ मध्ये नेहरूंच्या जन्मशताब्दीनिमित्त आली. आज ‘मुंबई राजधानी’ म्हणताना कोणी महाराष्ट्राच्या राजधानीबद्दल बोलत नसतो. रात्रीचा प्रवास, झोपायला बर्थ, मोजके थांबे, एवढं ऐकणाऱ्याला कळतं. ‘पुणे–सिकंदराबाद शताब्दी’ म्हटलं की बसून जायची, दिवसाची गाडी. शंभर वर्षांचा अर्थ गळून पडलाय. तसाच संकेत ‘वंदे भारत’भोवती तयार होतोय: २०१९ पासून चेअर कारची, दिवसाची, पुढे वेगळं इंजिन नसलेली गाडी. स्लीपर वंदे भारतमुळे तो थोडा बदलेल.

‘तेजस’ मात्र जपून वापरा. २०१७ मध्ये मुंबई–करमाळी मार्गावर आलेल्या गाडीचं ते नाव, पण त्याच धर्तीचे डबे पुढे राजधानीलाही लागले. त्यामुळे ‘तेजस राजधानी’ असा जोडशब्द ऐकू येतो. इथे तेजस हे डब्याचं नाव आहे, गाडीचं नाही.

प्रतिसाद : दुरंतोबद्दल. मराठी कानाला त्यात ‘दूर’ ऐकू येतं, पण शब्द बंगाली आहे. घरभर धुडगूस घालणाऱ्या, एका जागी न टिकणाऱ्या मुलाला बंगालीत ‘दुरंत’ म्हणतात, शेवटचा ‘त’ ओकारान्त उच्चारून. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना या गाड्या आल्या आणि तेव्हा त्या मधे प्रवासी थांबा न घेता धावायच्या, म्हणून हे नाव फार चपखल होतं. पुढे काही गाड्यांना थांबे मिळाले. ‘लांब पल्ल्याची’ हा अर्थ देऊ नका. ‘दम न खाणारी’ जवळचा वाटतो. ‘दुरांतो’ असंही छापलेलं दिसतं, ते टाळावं, बंगाली उच्चारात तिथे ‘आ’ नाही.

प्रतिसाद : अजून एक नेहमीचा घोळ. ‘टू एसी’चं ‘द्वितीय श्रेणी वातानुकूलित’ करू नका. त्यातला दोनचा आकडा बर्थच्या थरांचा, म्हणून ‘द्विस्तरीय’. थ्री एसी ‘त्रिस्तरीय’. वर्गाचा आकडा खरा फक्त फर्स्ट एसीत. ‘सेकंड क्लास’ म्हटलं की मराठी माणसाला बिनएसी डबाच आठवतो, वाचक चुकीचं तिकीट काढायचा.

मूळ प्रश्नकर्ती : आभार, शीर्षक बदलते. गरीब रथ ‘आला’ की ‘आली’?

प्रतिसाद : आली. ‘गाडी’ मनात धरूनच आपण बोलतो, म्हणून रथ पुल्लिंगी असूनही फलाटावर ‘गरीब रथ आली’ हेच ऐकू येतं. सामान्यरूपही बोलताना बहुधा टळतं: ‘रथाने’ नव्हे, ‘गरीब रथने गेलो’. तसंच ‘तेजसने’, ‘वंदे भारतने’. वर पहिल्या प्रतिसादात ‘गरीब रथासाठी’ लिहिलंय, ते व्याकरणाने बिनचूक आहे, पण तुमच्या मजकुरात मी ‘गरीब रथसाठी’ ठेवेन.