कोकणात जायचा सीझन कोणता? मी म्हणतो, सगळेच

धरमपेठचा भटक्या
जुलैत मालवणला जाऊ म्हटलं तर मोठ्या भावाने तोंड वाकडं केलं. "डिसेंबर सोडून कोकणात कोणी जातं का?" मी आजवर जानेवारी, मे, जुलै आणि ऑक्टोबर, अशा चार वेगवेगळ्या महिन्यांत गेलोय. एकदाही पस्तावलो नाही.

आपण नागपूरकर दोन टोकांवर जगतो. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश होते, आणि जानेवारीत पहाटे बादलीतल्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही. तिकडे हवा सौम्य, किनाऱ्यावर पारा वर्षातला बहुतेक काळ 20 ते 33 च्या मधे. समुद्र हळू तापतो, हळू निवतो, म्हणून. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत घोकले होते, पण मालवणजवळ तारकर्लीत भर मे महिन्यात दुपारी बाजेवर पडलो असताना आधी झावळ्या हलल्या, मग दोरीवरचा टॉवेल उडाला, तेव्हा कुठे ते वारे समजले.

कूलरवाला
भाऊ, पारा 33 अन् घाम 50 चा, हे काहून नाही सांगत? आम्ही मेमधे गेलो होतो. खोलीत कूलर नाही पाहून मीच मालकाशी भांडलो. तो हसला न् म्हणे, इथं कूलर चालत नाही. खरंच होतं त्याचं. कूलरले कोरडी हवा लागते, पाणी उडालं त थंडावा येते. तिथी हवाच ओली, पाणी उडन कुठून? धुतलेली बनियान दोन दिवस दोरीवर, तरी ओलीच. आपल्या उन्हाची गोष्टच वेगळी राजा, सावलीत बसलं का जीव येते. तिथी सावलीतही चिकचिकच.

धरमपेठचा भटक्या
घामाचं मान्य. पण इथे रात्री बारालाही भिंती भट्टीसारख्या तापलेल्या असतात, ते तिथे नाही ना? आणि मेमधे माणूस हवेसाठी जात नाही, झाडावरून उतरवलेल्या हापूससाठी जातो.

हिशोबी_वर्धा_रोड
आंबा इथे नागपुरात कॉटन मार्केटला मिळतो. प्रवासाचं बोला. हजारेक किलोमीटर! नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोन दिवस, आणि मालवणसाठी कुडाळला उतरेपर्यंत जवळपास एक दिवस मोडतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. जून ते ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. जून-जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी. म्हणजे किल्ला धक्क्यावरून बघायचा आणि सुरमई बर्फातली खायची. यापेक्षा चिखलदरा बरा. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथे, आणि ढग फुकट.

माहेर_मालवण
मी मालवणची, लग्नानंतर वीस वर्षं इथे नागपुरात, मनीषनगरात. दोन्हीकडचं ऐकून घेते म्हणून दोघांनाही बोलते.

हिशोबीभाऊ, पावसाळ्यात सुरमई मागणारा पाहुणा आमच्याकडे अडाणी समजतात. तेव्हा चढणीचे मासे (पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढतात ते), कुर्ल्या, नाहीतर सरळ भाजी. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की परड्यात, म्हणजे घरामागच्या परसात, टाकळा येतो. कोवळा पाला खुडायचा, बारीक चिरायचा, कांद्यावर परतायचा, वरून ओलं खोबरं. एवढंच. मुंबईच्या पाहुण्यांना हे कोणी वाढत नाही, कारण ते मागत नाहीत.

आणि भटक्या, "सौम्य हवा" वगैरे तू पाहुणा म्हणून म्हणतोस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नागपुरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. जुलैत आमच्या कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी बुरशी धरते, पापड डब्यातसुद्धा सादळतात, आई चुलीच्या उबेला कपडे वाळवते. तू चार दिवस पडवीत बसून पाऊस बघतोस, म्हणून तुला तो आवडतो. बघ, जरूर बघ. पण समुद्रात पाय घालू नकोस. तुमच्या अंबाझरी तलावासारखा तो काठावर थांबत नाही.

तरी मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च. मोहर धरलेला असतो, वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडतात, शिमग्याला पालखी दारात येते. नेमके तेव्हा हॉटेलं रिकामी, कारण सगळ्यांच्या पोरांच्या परीक्षा.

धरमपेठचा भटक्या
म्हणजे जुलैही चालतो, फेब्रुवारीही. माझंच म्हणणं झालं की!

हिशोबी_वर्धा_रोड
ताई "चालतो" म्हणाल्या नाहीत. बुरशी म्हणाल्या.

कूलरवाला
एक मिनिट. टाकळा म्हणजे तो पिवळ्या फुलाचा, शेंगावाला? त्याले आम्ही तरोटा म्हणतो! आमच्या वावराच्या धुऱ्यावर फुकटात उगवते. त्याच्यासाठी हजार किलोमीटर जाऊ का मी?

माहेर_मालवण
तोच. तुम्ही त्यात काय घालता?

कूलरवाला
लसूण अन् हिरवी मिरची. खोबरं कधीच नाही.

माहेर_मालवण
मग तुम्ही अजून खाल्लाच नाहीये.