मदत हवी आहे: गड्ड्याच्या यात्रेत रॉ की जेपेग?

मंडळी, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या (गड्ड्याच्या) फोटोंसाठी सल्ला हवा आहे: रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) घ्यावं की जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून आकार कमी केलेली फाइल)? कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, कार्डाच्या खाचा दोन.

मुख्य अडचण अक्षता सोहळ्याची, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाची. भर उन्हात पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे पारंपरिक अंगरखे) आणि शेजारी सावलीतले चेहरे. जेपेग ८ बिटचं, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये १६,३८४. जेपेगमध्ये बाराबंदी एकदा कोरी पांढरी झाली की कापडाच्या चुण्या परत येत नाहीत. रॉमध्ये थोडंफार परत मिळतं, पण सेन्सरच उजेडाने भरून गेला असेल तर तिथेही काही उरत नाही. त्यात कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) रॉ निवडलं तरी जेपेगवरूनच बनतो. मग तुम्ही एक्स्पोजर किती खाली ठेवता? ०.७ स्टॉप पुरतो का (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा)?

रात्रीच्या मिरवणुकीत एलईडी आणि पिवळे दिवे एकत्र असतात. तिथे व्हाइट बॅलन्स (दिव्यांच्या रंगछटेची दुरुस्ती) नंतर बदलता यावा म्हणून रॉच हवं, याबद्दल मला शंका नाही.

पण नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच, जड काठ्या) पेलतानाचा क्षण सलग फ्रेम मागतो, आणि १४ बिट रॉमध्ये बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो साठवणारी कॅमेऱ्यातली मेमरी) लवकर भरून कॅमेरा अडतो. फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. तेवढ्यापुरतं १२ बिट लॉसलेस कॉम्प्रेस्ड (माहिती न गमावता आकार कमी केलेलं) रॉ घ्यावं का? लॉसी कॉम्प्रेस्ड (थोडी माहिती गमावणारं) घेतल्यास सावल्या नंतर उजळताना फरक दिसतो का?

एका कार्डावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग ठेवल्यास वेग हळू कार्डावर ठरतो, म्हणून तेही नको वाटतं. यात्रेत प्रत्यक्ष फोटो काढलेल्यांनी सेटिंगसह सांगावं.